भिंतीवर आलेले आंकडे

नागपुरांतील महाल ह्या वस्तीचें नांवच सांगतें कीं, येथें एके काळीं भोंसल्यांचा राजवाडा होता. काळ्या दगडांत बांधलेला आणि कोरीव लांकूडकामानें नटलेला तो वाडा इ. स. १८६४ मध्यें आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. मोठा दरवाजा तेवढा मागें राहिला. त्याच सालीं नागपुरास नगरपालिका मिळाली, आणि पुढच्या वर्षाच्या डिसेंबरांत शहरांत एक मोठें सरकारी प्रदर्शन भरलें. वाडा जळाला म्हणून प्रदर्शन भरलें असें अर्थातच नव्हे. तरी इतिहास वाचणाऱ्यास ह्या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्याचा मोह होतो. भोंसल्यांच्या राज्याचें ऐश्वर्य लोकांस दरबारांत आणि दसऱ्याच्या स्वारींत दिसे. हत्ती, निशाणें आणि नौबत ह्यांवरून राज्य केवढें तें अक्षरशत्रूसहि उमगे. १८५३ मध्यें तिसरे रघूजीराजे वारले, दुसऱ्या वर्षीं डलहौसीनें राज्य खालसा केलें, आणि मग जो कारभार आला तो कागदावर चालणारा होता. त्याचें सामर्थ्य तक्त्यांत, मोजणीच्या नकाशांत आणि वार्षिक अहवालांत सांठविलेलें होतें. हें सामर्थ्य लोकांच्या डोळ्यांपुढें मांडावयाचें तर तें कसें मांडावें? प्रदर्शन हें त्याचें एक उत्तर होतें.

अलीकडे मोठमोठ्या शहरांच्या कलादालनांत एक नवाच प्रकार पाहावयास मिळतो. भिंतीवर चित्रें असतात, पण तीं आंकड्यांचीं. पावसाचें मान, रोगाचा फैलाव, गांव सोडून निघालेल्या माणसांचे लोंढे हें सारें संगणकाच्या साह्यानें रंगीत रेघांत आणि वर्तुळांत उतरविलेलें असतें. तें काढणारांत गणितीहि असतात आणि चित्रकारहि. पाहणारा प्रथम रंगांनीं मोहून जातो, आणि मग केव्हां तरी त्याच्या ध्यानांत येतें कीं समोरचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक माणूस आहे. ही कला नवी म्हणून वाखाणली जाते. तंत्र नवें आहे खरें. परंतु आंकड्यास रूप देऊन तो चारचौघांपुढें मांडण्याचा खटाटोप दीडशें वर्षांहून जुना आहे, आणि त्याच्या इतिहासांतील कांहीं ठळक प्रकरणें आपल्याच मुलखांत घडलेलीं आहेत. तीं पाहतांना एक प्रश्न राहून राहून पुढें येतो. आंकडा रेखाटला गेला तो कोणाच्या डोळ्यांसाठीं? कारण रेघ ओढणारा आणि रेघेखालीं येणारा हे बहुधा निराळे असतात.

ह्या विद्येचा उगम युरोपांतला. विल्यम प्लेफेअर ह्या स्कॉटिश गृहस्थानें १७८६ मध्यें देशोदेशींच्या व्यापाराचे आंकडे चढत्या-उतरत्या रेघांनीं दाखविणारें पुस्तक छापलें; शाळेंतील मुलें आज जे आलेख काढतात त्यांचा हा मूळपुरुष. पुढें १८५८ मध्यें फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं क्रिमियाच्या युद्धांतील शिपाई गोळ्यांनीं किती मेले आणि इस्पितळांतील घाणीमुळें उद्भवलेल्या रोगांनीं किती मेले हें पाकळ्यापाकळ्यांच्या एका वर्तुळांत असें दाखविलें कीं, रोगांच्या पाकळ्यांपुढें तरवारीच्या जखमा अगदींच किरकोळ दिसल्या. हिंदुस्थानांतील फौजेच्या आरोग्याचे आंकडेहि ह्याच बाईंनीं पुढें चिकाटीनें तपासले. मात्र हीं चित्रें काढलीं गेलीं तीं मंत्र्यांसाठीं आणि सेनापतींसाठीं. सामान्य माणसाचें त्यांत मरण होतें. त्याचे डोळे त्यांत अपेक्षित नव्हते.

नागपूरच्या १८६५ च्या प्रदर्शनाकडे वळतांना त्या काळाची परिस्थिति लक्षांत घ्यावयास हवी. मध्यप्रांत १८६१ मध्यें जन्मास आला होता. त्याचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल हे मोठे उरकाचे आणि लेखणीबहाद्दर गृहस्थ. आपल्या हातीं आलेल्या प्रांतांत काय पिकतें, कोण राहतें, कोणती भाषा बोलली जाते ह्याची नीट माहिती सरकारापाशीं नव्हती. म्हणून एकामागून एक कामें निघालीं. १८६३ मध्यें संग्रहालय निघालें. लोकांनीं त्याचें 'अजब बंगला' असें बारसें केलें, आणि सरकारी नांवापेक्षां तेंच जास्त टिकलें. १८६५ मध्यें प्रदर्शन झालें. १८६६ मध्यें प्रांताची पहिली शिरगणती झाली, आणि १८७० मध्यें चार्ल्स ग्रँट ह्यांनीं संपादिलेल्या गॅझेटियरची सुधारलेली आवृत्ति निघाली. हीं चार कामें निरनिराळीं दिसलीं तरी तें एकच काम होतें. जें विखुरलेलें आहे तें एके ठिकाणीं आणावयाचें, त्याचे वर्ग पाडावयाचे आणि एका दृष्टिक्षेपांत येईल असें मांडावयाचें.

प्रदर्शनाच्या अहवालाचें नांव 'कला, कारागिरी आणि उत्पन्न' ह्या तीन शब्दांवर उभें आहे. तेव्हां नागपुरास आगगाडी आली नव्हती. ती १८६७ मध्यें आली. अर्थात् प्रांतांतून जें जें आलें तें बैलगाड्यांच्या वाटेनें. घरीं असतांना वस्तु ही नुसती वस्तु असते. प्रदर्शनांत ती मांडली, तिला वर्ग मिळाला, गांवाचें नांव मिळालें, शेजारच्या वस्तूशीं तिची तुलना झाली, कीं ती एका कोष्टकांतील रकाना बनते. मांडवांतून हिंडणारा मनुष्य जणुं त्या कोष्टकांतूनच चालत असतो. आजच्या कलावंतांस जें संगणकाच्या पडद्यावर साधावें लागतें तें त्या काळीं लांकडी फळ्यांवर आणि सुतळीनें बांधलेल्या चिठ्ठ्यांवर साधलेलें होतें.

त्याच सुमारास लंडनमध्यें एक विलक्षण ग्रंथ तयार होत होता, आणि त्याचा संबंध विणकरांच्या घरांशीं थेट पोंचतो. इंडिया म्यूझियमचे अधिकारी डॉ. जॉन फोर्ब्स वॉटसन ह्यांनीं १८६६ मध्यें हिंदुस्थानी कापडाचे अठरा खंड प्रसिद्ध केले. ह्या खंडांत चित्रें नव्हतीं. खुद्द कापडच होतें. संग्रहांतील लुगडीं, धोतरें, पागोटीं, खण कापून त्यांचे सातशें नमुने पानांवर चिकटविले, आणि प्रत्येकाशेजारीं लांबी, रुंदी, वजन, मिळाल्याचें ठिकाण अशी माहिती छापली. असे वीस संच तयार झाले. तेरा ब्रिटनमधील औद्योगिक शहरांस दिले, सात हिंदुस्थानांत ठेवले. ग्रंथकर्त्याच्या मतें हे संच म्हणजे फिरतीं संग्रहालयेंच होतीं. ही बुद्धि असामान्य होती ह्यांत शंका नाहीं. नक्षी आणि आंकडा इतक्या सुंदर रीतीनें एका पानावर पूर्वीं क्वचितच आले असतील. काठाचा रंग, पदराची वीण आणि तिचें वजन, सारें एका नजरेंत. पण हेतु उघड होता. हिंदी माणूस काय नेसतो हें मँचेस्टरच्या गिरणीवाल्यास कळावें, म्हणजे तसेंच कापड करून त्याला विकतां येईल.

नागपूर, उमरेड, भंडारा, पवनी ह्या भागांतील रेशीमकांठी कापडाची त्या काळीं दूरवर कीर्ति होती. महालाच्या शेजारच्या वस्त्यांत कोष्टी घराघरांतून माग चालवीत. मध्यप्रांत-वऱ्हाडचे कापूस-कमिशनर हॅरी रिव्हेट-कार्नॅक ह्यांच्या त्या वर्षांतील अहवालांत एक आशा मोकळेपणानें व्यक्त केलेली आढळते. ती अशी कीं, आगगाडीचा फांटा आला म्हणजे विलायती कापड देशी कापडापेक्षां स्वस्त पडेल, इकडचा कापूस बाहेर जाईल आणि विणकर शेतमजुरीस मोकळे होतील. 'मोकळे' ह्या शब्दाचा असा उपयोग सरकारी कागदांतच होऊं शकतो. पुढें १८७७ मध्यें जमशेटजी टाटांनीं नागपुरांतच एम्प्रेस गिरणी काढली, आणि स्पर्धेचा एक टोला घराशेजारूनहि बसूं लागला. कोष्टी समाजाच्या ऱ्हासास अठरा खंडांचें पुस्तक कारण झालें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पण आपल्या मागाची नाडी कोणी परक्यानें मोजून ठेविली आहे, हें त्या मागावर बसलेल्या माणसास कळण्याचा मार्ग नव्हता. ज्या पानावर त्याचें कौशल्य चिकटविलेलें होतें तें पान त्यानें कधीं पाहिलेंच नाहीं.

कापडापर्यंत गोष्ट थांबती तर एक वेळ ठीक होतें. १८६६–६७ मध्यें जबलपूर येथें असेंच प्रदर्शन भरलें, आणि तेथें मध्यप्रांतांतील वन्य जमातींचीं माणसें आणविण्यांत आलीं. त्यांची पाहणी करण्यासाठीं एक समिति बसली. समितीचा अहवाल १८६८ मध्यें नागपुरास छापून निघाला, आणि त्याच्या मुखपृष्ठावर ह्या माणसांस इंग्रजींत जो शब्द वापरला आहे त्याचा मराठी अर्थ 'नमुने' असा होतो. धान्याचे नमुने, दगडांचे नमुने, तसे माणसांचे नमुने! पाद्री स्टीफन हिस्लॉप ह्यांनीं नागपुरांत राहून गोंडी भाषेचीं आणि चालीरीतींचीं टिपणें अनेक वर्षें जमविलीं होतीं. त्यांच्या अपघाती मृत्यूनंतर तीं टेंपल ह्यांनीं १८६६ मध्यें प्रसिद्ध केलीं. त्या टिपणांत माणसांविषयीं आस्था आहे, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. परंतु टिपण करणें वेगळें आणि जिवंत माणूस मांडवांत उभा करणें वेगळें. ज्या नागपुरांत हा अहवाल छापला गेला तें शहर अठराव्या शतकाच्या आरंभीं बख्त बुलंद शहा ह्या गोंड राजानेंच वसविलें होतें. समितीच्या सभासदांस हें ठाऊक नसेल असें नाहीं. माहिती पुष्कळ असते. ती कोणत्या रकान्यांत टाकावयाची, हें ठरविणाऱ्यावर सारें अवलंबून असतें.

येथें थोडा वेळ सातासमुद्रांपलीकडे जावें लागेल, कारण जबलपूरच्या मांडवास उत्तर मिळालें तें पॅरिसमध्यें, चौतीस वर्षांनीं. १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनांत अमेरिकेंतील निग्रो समाजाची स्थिति दाखविणारा एक विभाग होता. त्यासाठीं डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस ह्या निग्रो विद्वानानें अटलांटा विद्यापीठांतील आपल्या विद्यार्थ्यांच्या मदतीनें सुमारें साठ तक्ते हातांनीं रंगविले. गुलामगिरीतून सुटल्यावर आपल्या लोकांनीं किती जमीन मिळविली, किती मुलें शाळेंत घातलीं, कोणत्या धंद्यांत किती जण गेले हें सारें लाल, काळ्या, हिरव्या, पिवळ्या रंगांच्या पट्ट्यांत होतें. एका तक्त्यांत तर रेघ इतकी लांब झाली कीं ती कागदांत मावेना, म्हणून ती गोगलगाईच्या शंखासारखी आंत गुंडाळीत नेली आहे. आज चित्रकार तिला चित्र म्हणून नांवाजतात, आणि तें योग्यच आहे. परंतु त्या तक्त्यांचें खरें तेज निराळ्या ठिकाणीं आहे. ज्यांची मोजदाद इतरांनीं केली होती त्यांनींच आतां कुंचला हातीं घेतला होता.

आपल्याकडे असें काय झालें? त्यासाठीं प्लेगाच्या वर्षांकडे पाहावें लागतें. १८९६ मध्यें मुंबईस प्लेग आला आणि तेथून तो देशभर पसरला. नागपूर शहराची लोकसंख्या १९०१ च्या शिरगणतींत १,२७,७३४ भरली होती. १९११ मध्यें ती १,०१,४१५ भरली. आणि १९२१ मध्यें पुन्हां १,४५,१९३. ह्या तीन आंकड्यांची रेघ काढली तर मध्यें एक खोल खांच दिसते, आणि सव्वीस हजार माणसें दहा वर्षांत मेलीं असा कोणी अर्थ काढील. तो बरोबर ठरणार नाहीं. मोजणीच्या वेळीं शहरांत प्लेग होता, आणि पुष्कळ कुटुंबें घरें बंद करून बाहेर राहावयास गेलीं होतीं. त्या खांचेंत मृत्युहि आहेत आणि कुलुपेंहि आहेत. नुसती रेघ हें सांगत नाहीं. तें गल्लींत जाऊन विचारावें लागतें.

पण गल्लींत जाऊन विचारण्याची रीत तेव्हां नव्हती. रोग दाट वस्तींत होतो, वस्ती अरुंद गल्ल्यांत असते, म्हणून गल्ल्या पाडून सरळ रुंद रस्ते काढा, असा हिशेब असे. मुंबईंत ह्या कामासाठीं १८९८ मध्यें सुधारणा-ट्रस्ट स्थापन झाला. नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली एक रेघ म्हणजे जमिनीवर कित्येक घरें, विहिरी, कट्टे आणि पिंपळ. ज्यांचीं घरें गेलीं ते पुढच्या गल्लींत भाड्यानें शिरले आणि ती गल्ली आधींपेक्षां दाट झाली. रोगाचा आंकडा रस्त्याच्या कडेनें पुढें सरकला, एवढेंच.

ह्या रीतीविरुद्ध हिंदुस्थानांत ज्या माणसानें मोठा आवाज उठविला तो मूळचा वनस्पतिशास्त्राचा अध्यापक होता. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे. १८९२ मध्यें त्यांनीं एडिंबरा येथें एक जुना मनोरा घेऊन त्याचें संग्रहालय केलें. अगदीं माथ्यावर अंधाऱ्या खोलींत भिंगाच्या योगानें एका पांढऱ्या मेजावर शहराचें जिवंत चित्र पडे. रस्त्यांतली माणसें त्यावर चालतांना दिसत. त्याखालच्या मजल्यावर एडिंबराचे नकाशे आणि आलेख, त्याखालीं स्कॉटलंड, मग इंग्रजी बोलणारे देश, मग युरोप, आणि तळमजल्यावर जग. पाहणाऱ्यानें आपल्या दारापासून आरंभ करावा आणि उतरतां उतरतां जगापर्यंत जावें अशी ही रचना होती. शाळेंत भूगोल शिकविणाऱ्या कोणासहि ह्या कल्पनेचा हेवा वाटावा. पुस्तकांत पृथ्वी आधीं येते आणि आपलें गांव शेवटीं, किंवा येतच नाहीं.

मनोऱ्यांतील हीच कल्पना गेडिस ह्यांनीं चालती केली. शहरांचे जुने-नवे नकाशे, चित्रें, छायाचित्रें, आलेख ह्यांचें एक फिरतें प्रदर्शन त्यांनीं उभारलें. १९११ मध्यें तें लंडनमध्यें मांडलें गेलें आणि १९१३ मध्यें बेल्जममधील गेंट येथें त्यास मानाचें पारितोषिक मिळालें. १९१४ मध्यें मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड ह्यांच्या निमंत्रणावरून गेडिस आणि त्यांचा मुलगा ॲलास्डेअर हिंदुस्थानाकडे निघाले. प्रदर्शनाच्या पेट्या 'क्लॅन ग्रँट' नांवाच्या निराळ्या बोटींत होत्या. महायुद्ध सुरू झालें होतें. एम्डेन ही जर्मन युद्धनौका अरबी समुद्रांत धुमाकूळ घालीत होती. मद्रासवर तिनें सप्टेंबरांतच तोफा डागल्या होत्या. ऑक्टोबरांत मिनिकॉय बेटाजवळ तिनें 'क्लॅन ग्रँट' बुडविली. वीस-पंचवीस वर्षांचा संग्रह समुद्राच्या तळीं गेला. एखादा माणूस तेथेंच खचला असता. गेडिस ह्यांच्या स्नेह्यांनीं विलायतेंत घाईघाईनें नवा संग्रह जमवून पाठविला, आणि जानेवारी १९१५ मध्यें मद्रास विद्यापीठाच्या सेनेट-गृहांत प्रदर्शन उघडलें. पुढें तें कलकत्त्यासहि गेलें. मुंबई इलाख्यांतील सहा शहरांची पाहणी करून गेडिस ह्यांनीं १९१५ मध्येंच त्यांवर अहवाल लिहिला. नगररचनेचा देशांतील पहिला कायदा मुंबई इलाख्यांत झाला तोहि त्याच वर्षीं.

त्यांच्या पद्धतीचें मर्म एका शब्दांत सांगावयाचें तर पायीं चालणें. शहराचा नकाशा हातीं घ्यावयाचा, एकेका गल्लींतून हिंडावयाचें, कोणतें घर खरोखरीच मोडकळीस आलें आहे त्यावर खूण करावयाची, आणि कोणतें देऊळ, कोणती विहीर, कोणतें झाड राखावयाचें त्यावरहि खूण करावयाची. मग दिसून येई कीं चार पडक्या घरांच्या जागीं एक चौक मोकळा केला, एक बोळ दुसऱ्यास जोडला, तर सरळ रस्त्याचें बहुतेक काम भागतें आणि खर्च त्या मानानें फारच थोडा येतो. ह्यास ते जपून केलेली शस्त्रक्रिया म्हणत. ज्या नगररचनाकारास विहिरीचा कट्टा दिसत नाहीं त्याला शहर दिसत नाहीं, असा त्यांचा एकंदर रोख होता. आणि इंजिनियर मंडळींस तो रुचला नाहीं हें ओघानेंच आलें.

तरी मद्रास-कलकत्त्याच्या सभागृहांत येणारे लोक कोण होते? इंग्रजी वाचणारे. भिंतीवरचा आंकडा गव्हर्नराच्या मेजावरून वकिलांच्या नजरेपर्यंत आला होता, त्यापुढें नाहीं. तो रस्त्यावर आला तो इंदुरास, होळकरांच्या राज्यांत, आणि तेंहि दिवाळींत.

इंदूर दरबारासाठीं गेडिस ह्यांनीं लिहिलेला दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्यें निघाला. त्यांच्या तेथल्या मुक्कामांत शहरांत प्लेग होता. हातांत नकाशा घेऊन गल्लीबोळांतून हिंडणाऱ्या ह्या दाढीवाल्या साहेबाकडे लोक भीतीनें पाहत; प्लेग आणणारा म्हातारा तो हाच, असें एकमेकांस सांगत. ज्या माणसानें घरें वाचवावयाचीं त्याच्याविषयीं घरवाल्यांचा समज हा असा. गेडिस ह्यांनीं पुढें स्वतः सांगितलेल्या हकीकतीप्रमाणें, त्यांनीं महाराजांजवळ एका दिवसाची सत्ता मागितली. दिवाळीची मिरवणूक त्यांनीं आपल्या हातीं घेतली, आणि दवंडी पिटविली कीं ह्या वर्षीं मिरवणूक नेहमींच्या मार्गानें जाणार नाहीं. ज्या भागांतलीं घरें सर्वांत जास्त झाडलेलीं, डागडुजी केलेलीं असतील त्या भागांतून ती जाईल. केरकचरा सरकारी गाड्या फुकट नेतील. मग काय विचारतां! सारें शहर झाडू घेऊन उठलें. कचऱ्याच्या हजारों गाड्या भरून गेल्या आणि हजारों उंदीर पकडले गेले.

मिरवणुकीचा क्रमहि पाहण्यासारखा होता. प्रथम राज्याचा नेहमींचा थाट, हत्ती, उंट, घोडेस्वार, आणि त्यांमागें पिकांचे आणि कापसाचे रथ. नंतर कर्कश वाद्यें आणि शहराचें दुःख: पडक्या घरांच्या प्रतिकृति, रोगांचे राक्षस, रावणाच्या आकाराचा घाणीचा पुतळा, आणि प्लेगाचा अवाढव्य उंदीर, ज्याच्या अंगावर पिसवा हलत होत्या. प्लेगाचा संबंध उंदराशीं आणि पिसवेशीं आहे हें शास्त्रज्ञांनीं मोठ्या कष्टानें सिद्ध केलें होतें. तें येथें एकहि अक्षर न लिहितां बायकापोरांस समजलें. मग थोडें अंतर सोडून मंगल वाद्यें, आणि त्यामागें शहराचे झाडूवाले, स्वच्छ पांढऱ्या पोषाखांत, नवे झाडू घेऊन, गळ्यांत झेंडूच्या माळा घालून. ज्यांची सावली टाळण्याचा तो काळ, त्यांना मिरवणुकींत मानाचें स्थान होतें. त्यांच्यामागें हत्तीवर एक नवी देवता, इंदूरनगरी, लक्ष्मीचेंच एक रूप. तिच्याबरोबर शहराचा मोठा नकाशा आणि पुढें बांधावयाच्या ग्रंथालय-संग्रहालयादि इमारतींच्या प्रतिकृति. शेवटीं फळाफुलांच्या गाड्या आणि घरोघर वाटावयाचीं तुळशीचीं रोपें. रात्रीं रावणाबरोबर उंदीरहि जाळला. प्लेग ओसरला. ऋतु पालटण्याचाहि तो समय होता, म्हणून सारें श्रेय मिरवणुकीस देणें बरें नव्हे. परंतु गल्लींतले लोक आतां साहेबास पाहून नमस्कार करूं लागले.

नागपूरकरास ही हकीकत वाचतांना भोंसल्यांच्या दसऱ्याच्या स्वारीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. आंकडा जर लोकांस समजावयाचा असेल तर त्यानें लोकांच्या सवयीची वाट धरली पाहिजे, हें एका परदेशी अध्यापकास सुचलें आणि आपल्या शिकलेल्या मंडळींस सुचलें नाहीं. तरी येथेंहि एक उणीव होतीच. नकाशा हत्तीवरून गेला. लोकांनीं तो पाहिला, त्यावर त्यांनीं कांहीं लिहिलें नाहीं. एका दिवसाची सत्ता साहेबास मिळाली होती, शहरास नव्हे.

गेडिस १९१९ मध्यें मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९२४ पर्यंत तेथें राहिले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये ह्यांस त्यांनींच विलायतेस शिकण्यास पाठविलें. तेच पुढें त्या खुर्चीवर आले आणि त्यांनीं दोन पिढ्या तयार केल्या. मात्र प्रदर्शनाची विद्या त्या विभागांत फारशी रुजली नाहीं. ग्रंथ वाढले, भिंती कोऱ्या राहिल्या. तिकडे व्हिएन्ना शहरांत ऑटो नॉयराट ह्यांनीं १९२५ मध्यें ह्याच कामासाठीं एक संग्रहालय काढलें, आणि इतकीं घरें, इतकीं बाळें, इतके बेकार हें दाखविण्यासाठीं साधीं छापील चित्रें एकापुढें एक ओळीनें मांडण्याची रीत बसविली. आज रेल्वेच्या फलाटावर बाईचें आणि पुरुषाचें जें ठोकळेवजा चित्र दिसतें त्याचें कुळ तेथवर जातें.

विदर्भांत ह्या गोष्टीस पुन्हां वळण लागलें तें वर्ध्यास. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळानें जे. सी. कुमारप्पा ह्यांच्या अध्यक्षतेखालीं औद्योगिक पाहणीसाठीं एक समिति नेमली. तिनें ६०६ खेड्यांची पाहणी केली आणि १९३९ मध्यें अहवाल दिला. पाऊणशें वर्षांपूर्वीं टेंपल ह्यांच्या अमदानींत ज्या प्रांताचें उत्पन्न मोजलें गेलें त्याच प्रांतांत आतां घाणा किती चालतो, माग किती उरले, चांभाराच्या घरीं काय शिजतें हें विचारलें जात होतें. त्याच सुमारास, ३० डिसेंबर १९३८ रोजीं, वर्ध्याच्या मगनवाडींत गांधीजींच्या हस्तें मगन संग्रहालयाचें उद्घाटन झालें. तेथें चरखे, माग, घाणे मांडले गेले, पण परक्या गिरणीवाल्यानें पाहून नक्कल करावी म्हणून नव्हे. खेड्यांतल्या कारागिरानें येऊन पाहावें आणि आपलें अवजार सुधारावें म्हणून. फोर्ब्स वॉटसनच्या अठरा खंडांस हें वऱ्हाडी उत्तर म्हणावयास हरकत नाहीं. मात्र मंत्रिमंडळानें १९३९ च्या अखेरीस राजीनामा दिला, आणि ६०६ खेड्यांचे तक्ते पुस्तकांतच राहिले.

खुद्द नागपुरास १९३६ च्या कायद्यानें सुधार प्रन्यास मिळाला. त्याच्या आराखड्यांतून उतरलेला सेंट्रल ॲव्हेन्यू महालाच्या उत्तरेकडून जुन्या शहरास चिरीत गेला. केळीबाग रस्त्याच्या रुंदीकरणाचा वाद तर अलीकडच्या वर्षांपर्यंत चालला. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानें एक गोष्ट मात्र बंधनकारक केली. शहराच्या विकास-आराखड्याचा मसुदा लोकांस पाहण्यासाठीं खुला ठेवला पाहिजे आणि ठराविक मुदतींत त्यांच्या हरकती ऐकल्या पाहिजेत. ह्या देशांत आंकड्यांचें आणि रेघांचें सर्वांत मोठें प्रदर्शन कोणतें म्हणाल तर तें हेंच. त्याला तिकीट नाहीं, उद्घाटन नाहीं, फुलांच्या माळा नाहींत. कचेरीच्या भिंतीवर रंगीत कागद टांगलेला असतो: राहण्याची जागा पिवळी, मोकळी जागा हिरवी, आणि मधून रस्त्यांच्या रेघा. महालांतला माणूस त्यापुढें उभा राहतो आणि आपलें घर शोधूं लागतो. रंगांची खूणगांठ त्याला उमजत नाहीं. मग तो कल्याणेश्वराच्या देवळापासून बोट सरकवीत सरकवीत येतो, डावीकडचा बोळ, त्यापुढची विहीर, आणि तेथें बोट थांबतें. मागचा माणूस विचारतो, रेघेच्या अलीकडे कीं पलीकडे?